अर्ध्या ब्लेडची स्वच्छता

मी लातुरात मुलींच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवते आणि दर जूनमध्ये आठवीच्या वर्गापुढे वैयक्तिक स्वच्छतेवर तासभर बोलते. नखं, दात, कान, डोक्यातल्या उवा, टाचेच्या भेगा. मान संपली की मी थेट गुडघ्यावर येते. मधल्या मुलखाबद्दल एखाद्या धीट मुलीनं विचारलंच, तर “ते आईला विचार” असं सांगायचं, असा आमच्या स्टाफरूमचा न लिहिलेला ठराव आहे. आता त्यातल्या दोन-चार आया माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघतात. त्यांनाही मी त्यांच्या वेळी आईलाच विचारायला सांगितलं होतं.

त्या जागेच्या केसांना आमच्याकडे नाव नाही. “तिथले” म्हणायचं, फार तर “खालचे”. मेडिकलवाल्यापुढे जाऊन “ते द्या” म्हटलं की तो कपाटाच्या मागून ट्यूब काढतो आणि काळ्या पिशवीत घालून गाठ मारतो. उंदराचं औषध मागितलं तर हाच माणूस चार गिऱ्हाइकांसमोर कशाला हवंय, घरात लहान मुलं आहेत का, असं सगळं विचारतो. या ट्यूबेबद्दल मात्र त्यानं मला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला मनोमन दुवा देत आले.

या विषयातला माझा स्वतःचा अनुभव एका लग्नाचा आहे. माझी धाकटी जाऊ नांदेडला असते. पार्लर, फेशियल, वॅक्स यांतली तिची माहिती अद्ययावत असते. “ताई, स्वतःसाठी म्हणून करा, किती हलकं वाटतं,” असं तिनं भरीस घातलं. मी ट्यूब आणली. पाच मिनिटं ठेवून धुवायचं, असं वर छापलं होतं. तिसऱ्या मिनिटाला मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शिष्यवृत्तीच्या अर्जांवर आधार क्रमांक चुकले होते. बाथरूममध्ये पाय फाकवून उभी राहून मी वीस मिनिटं “हो मॅडम, हो मॅडम” करत होते. पुढे अख्ख्या लग्नात मी खुर्चीच्या कडेवर बसले. नांदेडच्या पाहुण्यांनी परस्पर मूळव्याधीचं निदान केलं, सुरणापासून काढ्यापर्यंत उपाय सांगितले आणि मी ते कागदावर उतरूनही घेतले. यातून शहाणपण यायला हवं होतं. मी एवढाच धडा घेतला की हातात काम असताना फोन उचलू नये.

हे सगळं सांगायचं कारण सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्या चाकूरजवळच्या गावी राहतात, सासऱ्यांसोबत, शेतावर. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली वीस आम्ही दोघींनी आमटीतल्या मिठावरून भांडण्यात घालवली. दोन वर्षं मी बाळंतपणांत होते, तेव्हा आमटी त्यांनीच केली.

गेल्या दिवाळीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एका कुल्ल्यावर कलून बसायच्या. पहाटे मी उठायच्या आत स्वतःचं धुणं उरकायच्या. नळाला आठवड्यानं पाणी येत असताना ही बाई रोज एवढं काय धुते, म्हणून मी एक दिवस लवकर उठून गच्चीवर गेले. दोरीवर जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत होत्या आणि त्या साडीनं झाकायची त्यांची धडपड चालली होती. मी सरळच विचारलं. त्यांचं अंग बाहेर येत होतं. म्हणजे गर्भाशय खाली सरकून बाहेर डोकावायचं. वर ढकलून, घडी बांधून त्या खुरपायला जात होत्या.

“किती दिवस झाले, आत्या?”

“दिवस कुठलं माय, सात वरसं झाली.”

“आणि कुणाला सांगितलं नाही?”

“कुनाला सांगू? तुझ्या सासऱ्याला?”

मला त्यांचा राग आला. मग आठवलं, वर्षाला दोन वेळा मी त्यांची तब्येत विचारत होते आणि “बरी हाय” ऐकून स्वयंपाकाला लागत होते. तेव्हा राग जरा आवरता घेतला.

लातुरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. बाईंच्या हाताला गुण आहे म्हणतात, जिभेला धार आहे हेही म्हणतात. त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात. त्यामुळे आम्हाला रांगेत बसावं लागलं नाही आणि मला ते आवडलं. सासूबाई टेबलावर चढल्या. पण नर्सनं साडीला हात लावला तशी त्यांनी दोन्ही मुठींत काठ घट्ट धरला.

“आज न्हाई बाई. मी तशी आले न्हाई.”

“तशी म्हणजे कशी, आजी?”

“तयारीनं.”

डॉक्टरीणबाईंनी जोर केला नाही. तोंडी विचारूनच त्यांना काय ते कळलं. ऑपरेशन लागेल म्हणाल्या. रक्त तपासलं, त्यात साखर निघाली. गोळ्या लिहून देऊन आठ दिवसांनी परत यायला सांगितलं.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, “आत्या, पुढच्या खेपेला जरा स्वच्छ करून या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे.”

या दोन वाक्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आज येतं. टेबलावर झोपणार होत्या त्या, आणि लाज मात्र माझी जाणार होती.

“म्हंजी समदंच?” त्यांनी हळूच विचारलं.

ऑटोवाल्याचा कान आरशापाशी होता. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, “हो. म्हणजे जरा नीट.”

कशानं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ते सरळच होतं. पाहुणा यायचा असला की अंगण झाडायचं, सडा टाकायचा. डॉक्टरीण तर मोठीच पाहुणी. दुसऱ्या दिवशी त्या गावी गेल्या.

आठ दिवसांनी आल्या त्या एसटीत चाकूरपासून लातूरपर्यंत उभ्यानं. कंडक्टरनं कुणाला तरी उठवून जागा दिली, तरी बसल्या नाहीत म्हणे. घरी आल्या, ओट्याला टेकून उभ्यानंच भाकरी खाल्ली.

“आई, बस की,” माझे यजमान म्हणाले.

“बसून बसूनच आले रं.”

यजमानांचं समाधान झालं आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला. मी आत्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंग कोमट होतं. मी तापाची गोळी दिली. विज्ञान शिकवत असल्यामुळे कुठली गोळी द्यायची हे मला लगेच सुचतं.

दुसऱ्या दिवशी पडद्याआड मी त्यांच्या उशाशी उभी होते. या वेळी त्यांनी काठ धरला नाही. नर्सनं साडी वर सारली आणि डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला.

“हे काय करून ठेवलंय?”

मी वाकून पाहिलं. जागोजागी कापलेलं होतं, काही खपल्या धरलेलं, काही ओलं. पुटकुळ्यांची रांग. जांघेत लिंबाएवढं गळू, लालभडक आणि ताणलेलं. त्या सगळ्यावर हळद, आणि हळदीवर माझ्याच घरातून गेलेली सुवासिक पावडर.

“कुणी सांगितलं होतं हे करायला?”

मी हातभर अंतरावर होते. सासूबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

“कुनी न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझ्याच मनानं केलं.”

“शुद्ध अडाणीपणा आहे हा! एवढी साखर अंगात असताना? हे आत पसरलं तर ऑपरेशन राहील बाजूला, जीव वाचवत बसावं लागेल.” मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, तुम्ही तरी सांगायचं ना यांना. तुमच्यासारखी शिकलेली सून घरात असून...”

“हो ना,” मी म्हटलं.

खरंच म्हटलं. अजून कधी मध्येच भांडी घासताना ते “हो ना” मला ऐकू येतं आणि मी नळ मोठा करते.

गळू कापलं. इंजेक्शनं सुरू झाली. ऑपरेशन दीड महिना पुढे गेलं, तेही साखर आणि जखम दोन्ही ताळ्यावर आली तर. हात धुता धुता डॉक्टरीणबाईंनी मला, म्हणजे घरातल्या शिकलेल्या बाईला, सगळं समजावून सांगितलं. ते केस म्हणजे घाण नव्हे. ती कातडी नाजूक असते, तिला घासण्यापासून ते वाचवतात. कुणाला आवडत नसतील, घामानं चिकचिक होत असेल तर त्यांनी छोट्या कात्रीनं बोटाच्या जाडीएवढे ठेवून कापावेत, किंवा ट्रिमर वापरावा, फक्त आपला एकटीचा. करायचीच असेल हजामत तर कोमट पाण्यानं मऊ करून, फेस लावून, नव्या रेझरनं, केस ज्या बाजूला झुकतात त्या बाजूला. साखर असलेल्यांनी तर ब्लेडच्या वाटेलाच जाऊ नये. क्रीम आधी हातावर लावून पाहायचं आणि आतल्या नाजूक भागाला लागू द्यायचं नाही. धुवायला साधं पाणी पुरतं, पावडरी आणि वासाचे साबण नकोत. चड्डी सुती आणि सैल.

“आणि ऑपरेशनच्या आधी कापायचे असतील तर ते आम्ही बघतो, इथंच, मशीननं,” त्या म्हणाल्या. “मी काय तिथं केसांची पाहणी करायला बसलेय का? रोज इतक्या बायका येतात, कुणाचे होते नि कुणाचे नव्हते हे मला संध्याकाळी आठवतसुद्धा नाही.”

मी मान डोलावत होते. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, माझ्याकडे दोन पदव्या आहेत, आणि यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

जावेला फोनवर कळवलं तर ती म्हणाली, “ब्लेड कशाला, ताई? लेझर करायचं की. इथं नांदेडला ऑफर चालू आहे.” सासूबाई सहासष्ट वर्षांच्या, जांघेत जखम, आणि हिला ऑफर सुचत होती. पुढच्या रविवारी ती भेटायला आली ती साखरेच्या पेशंटसाठी अर्धापूरच्या केळ्यांचा अख्खा फणा घेऊन.

पट्टी रोज मी बदलायची. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी आल्यावर. यजमान त्या वेळेला नेमके दूध आणायला जायचे. एकदा धीर करून त्यांनी विचारलं, “आईला नक्की झालंय काय?” मी म्हटलं, “गळू.” “कुठं?” “जांघेत.” ते लगेच चप्पल शोधायला लागले. दूध घरात होतं.

पहिले चार दिवस सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. पाचव्या दिवशी पदर काढला आणि बोलायला लागल्या. सासरे दाढीचं ब्लेड मधोमध मोडतात. अर्धं ते वापरतात, अर्धं सासूबाईंचं. ते न्हाणीच्या चौकटीच्या फटीत खोचलेलं असतं. त्यानं त्या पायाची नखं काढतात, उसवायची शिवण उसवतात, खताच्या पोत्याचं तोंड कापतात. त्याच अर्ध्या ब्लेडनं, पत्र्याच्या दाराआड उकिडव्या बसून, सासऱ्यांचा दाढीचा आरसा विटेला टेकवून, कोरडंच. एका दमात झालं नाही, तीन दिवस लागले.

“दिसंना बी नीट. हात लई थरथरत व्हता,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या रोजी सोडून देनार होते. पर म्हनलं, तुझ्या शाळंतल्या पोरीची माय हाय ती. तुझी इज्जत हाय तिथं.”

मी आधी पट्टी लावली, चिकटपट्टीचे चारही कोपरे दाबले आणि मग तिथंच फरशीवर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं. नंतर म्हणाल्या, “ऊठ, शाळंला उशीर व्हायलाय.”

पुढे केस परत यायला लागले तशी खाज सुटली. ब्लेडनं तासलेले केस खुंटासारखे वर येतात, ते टोचतात. त्या दाराच्या चौकटीला पाठ घासावी तशा मांड्या घासत उभ्या राहायच्या. मी गार पाण्याची घडी करून द्यायचे, सैल सुती परकर शिवून आणले, खाजवू नका म्हणून बजावायचे. आता वाढू द्या, वाढले की टोचायचे थांबतील, असं सांगितलं.

“वाढूच द्यायचं व्हतं तर येवढं केलं कशापाई?” त्यांनी विचारलं. मी घडी पुन्हा भिजवायला गेले.

पाच आठवड्यांत जखम भरली, साखरही उतरली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच दिवशी त्यांनी पिशवी भरायला घेतली.

“मी जाते गावाकडं.”

“आणि ऑपरेशन?”

“न्हाई करायचं. सात वरसं काढली, आनिक सात काढीन.”

यजमानांनी समजावलं. डॉक्टर चांगल्या आहेत, खर्चाची काळजी करू नको, आम्ही आहोत. मी विज्ञानातून समजावलं. बाहेर आलेला भाग घासून घासून तिथं जखम होते, लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो. त्या मान हलवत ऐकत होत्या आणि पिशवीत लुगडी रचत होत्या. आता गेल्या की परत येणार नाहीत हे मला स्पष्ट दिसत होतं. सात वर्षांत एकदाच त्यांनी कुणापुढे तोंड उघडलं होतं, ते माझ्यापुढे. दुसऱ्यांदा उघडणार नव्हत्या.

संध्याकाळी दोघी मेथी निवडत बसलो होतो. काड्या बाजूला टाकत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “त्या नर्सच्या म्होरं मला अडानी म्हनली ती. मी शाळा शिकले न्हाई, ही बात खरी. पर अडानी मला आजवर कुनी म्हनलं न्हाई. जसं सांगितलं तसं केलं म्या.”

मेथी निवडून झाल्यावर त्यांनी काड्या केरात टाकल्या आणि हात धुतले.

म्हणजे काय करायचं ते मला समजलं होतं. तरीही मी तीन दिवस काढले. गावाला जाण्याआधी साखर एकदा तपासू, असं म्हणून त्यांना थांबवून घेतलं. डॉक्टरीणबाईंना फोन करावा असं वाटलं, पण फोनवर नर्स नसते. चिठ्ठी लिहायला घेतली, तर ती रजेच्या अर्जासारखी होत गेली, विनंती विशेष आणि सगळं. शेवटी दुसरी डॉक्टर बघावी असंही मनात आलं. म्हणजे सासूबाईंना पुन्हा नव्या टेबलावर, नव्या माणसांपुढे झोपवायचं, का, तर मला तोंड उघडावं लागू नये म्हणून. त्या विचाराची मला नंतर फार लाज वाटली. पण आला होता, आणि दुपारभर मुक्कामाला होता.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, “आत्या, जाण्याआधी एकदा माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तुम्ही टेबलावर चढू नका. मला डॉक्टरांशी बोलायचंय, तुम्ही नुसत्या उभ्या राहा.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी घेऊनच निघाल्या, तिथून सरळ स्टँडवर जाता यावं म्हणून.

तीच खोली, तोच हिरवा पडदा, तीच नर्स. डॉक्टरीणबाई त्या दिवशी खुशीत होत्या. “या आजी! आता नाही ना केला काही नवीन अडाणीपणा?”

“डॉक्टर, तो माझा होता,” मी म्हटलं.

नर्सचा हात कापसाच्या डब्यातच राहिला.

“मी यांना सांगितलं होतं, स्वच्छ करून या म्हणून. कशानं, कसं, काही सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. तुमची मुलगी माझ्या वर्गात आहे, तुम्ही काय म्हणाल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी इथंच उभी होते आणि ‘हो ना’ म्हणाले.”

“मॅडम, तुम्ही?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही तर सायन्स शिकवता ना?”

यानंतर त्यांनी जे काही सुनावलं ते एका पालकानं शिक्षिकेला सुनवावं असं नव्हतं, आणि आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असणार. माझे कान तापले होते. मी उभी राहून सगळं ऐकलं. मग डॉक्टरीणबाई सासूबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आजी, मी तुम्हाला उगाच बोलले. चुकलं माझं.”

सासूबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. लोखंडी पायरीवर पाय ठेवून त्या एकट्याच टेबलावर चढल्या, उताण्या झोपल्या आणि नर्स पुढे यायच्या आत साडी त्यांनी स्वतःच्या हातानं वर घेतली.

“बघा बाई,” त्या म्हणाल्या. “जसं हाय तसं हाय. आन तारीख सांगा.”